एकशे सात अंश

बोकडे सर म्हणतात, आधी हिशोब.
नायट्रोजनचे पाच, तीन हायड्रोजनचे तीन, झाले आठ.
ठिपके मांडायचे दोन-दोन,
दोघांनी वाटून घेतले की एक रेघ.
तीन रेघा होतात.
दोन ठिपके उरतात नायट्रोजनच्या डोक्यावर,
कोणालाच न दिलेले.

पुस्तकात त्यांना म्हणतात एकाकी जोडी.
जोडी, आणि एकाकी!
मी हसले. सरांनी उभं केलं.
"नंदनवार, हसू नका. आकार तीच बिघडवते.
कागद सपाट असतो. रेणू कागदावर राहत नाही."

उद्या मॉडेल न्यायचंय.
इतवारीतून फुगे आणले, तीन पांढरे, एक जांभळा,
आणि फुटतील म्हणून वरचे दोन.
ते दोन गच्चीवरच्या उन्हानंच गेले.
जून संपत आला, पाचपावलीत कूलर अजून घरघरतोय.
आई म्हणाली, "काहून वं, वाढदिवस आहे का कोणाचा?"

रेशनकार्डावर आम्ही चौघं.
पण माग भंगारात गेला त्या दिवाळीपासून
घरी कोण कोण असतं विचारलं
की तोंडातून निघतं: आई, मी, चित्रा.
आकाराला नाव ठेवताना असंच करतात.
फक्त अणू मोजतात.

बाबा बसतात जिथे मागाचा खड्डा होता,
आता सिमेंटनं बुजवलेला.
आणि आम्ही तिघी सरकत सरकत
ओट्यापाशी गोळा होतो,
चित्राचं कोपर माझ्या वहीत,
आईच्या कणकेची परात माझ्या गुडघ्याला.
एकशे साडेनऊ अंश यायला हवे होते प्रत्येकीच्या वाट्याला.
एकशे सात येतात.

सरांनी कारण सांगितलं होतं:
रेघेला दोन अणू दोन टोकांनी धरतात,
म्हणून ती आवरलेली.
एकाकी जोडीला धरणारा एकच,
म्हणून ती पसरते, जास्त जागा घेते.
एवढं एक मला पाठ करावं लागलं नाही.
कोष्ट्याच्या घरात कोणालाही विचारा,
दोन्हीकडून ताणलेला ताणा गुमान राहतो;
एका टोकाचा सुटला
की अख्खी खोली त्याचीच.

रात्री नऊला बांधायला बसले.
रबर लावलं, निसटलं.
सुतळी लावली, तीही.
बाबा बघत होते.
म्हणजे खरंच बघत होते, भिंतीकडे नाही, माझ्या हातांकडे.
मग हात पुढे केला.
तीन फुग्यांच्या माना चिमटीत धरल्या
आणि तुटला धागा जोडतात ती गाठ मारली,
जी बोटांच्या आत कुठेतरी होऊन जाते,
बघणाऱ्याला कळत नाही.

जांभळा उचलला, फुंकायला लागले.
"बाबा, बस, इतका मोठा नाही लागत."
फुंकत राहिले.
मानेच्या शिरा वर आल्या.
"फुटंल ना बाप्पा!" आई ओट्यावरून ओरडली.
फुटला नाही.

चौथा गाठीत आला
आणि तिन्ही पांढरे आपसूक कलले,
एकमेकांना टेकले.
त्यांना कोणी अंश सांगितले नव्हते.
चित्रानं माझा कोनमापक लावून बघितला,
"एकशे दोन," म्हणाली, "जास्तच हून राह्यलं."

बाबा म्हणाले, "थोडी हवा काढू का?"

कूलरचं पाणी संपलं होतं, नुसता पंखा खडखडत होता.
त्या आवाजात मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.
आईनं परात बाजूला सरकवली.
मी म्हटलं, राहू द्या.

सरांनी एक गुण कापला:
एकाकी जोडी प्रमाणाबाहेर.
मॉडेल प्रयोगशाळेच्या खिडकीत आठवडाभर टांगलेलं होतं.
पांढरे आधी सुरकुतले, मग जांभळा.
काढताना शिपाईमामांनी गाठ सोडवायला बघितली,
नखं लावली, दात लावले,
शेवटी ब्लेड मागवलं.